रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर की एकच सेंड ट्रॅक?

सांगलीतला एक मित्र भजनाचं रेकॉर्डिंग एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करतोय, आवाज, पेटी, पखवाज, टाळ आणि मिरजेचा तंबोरा, आणि प्रत्येकावर वेगळा रिव्हर्ब (देवळात आवाज घुमतो तसा परिणाम) टाकू का एकाच वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे सेंड ट्रॅकवर, टाकून सगळ्यांचा थोडा थोडा आवाज तिकडं वळवू, यात अडकलाय.

लॅपटॉपवरच्या लोडचं बघितलं तर सरळ आहे, पाच रिव्हर्ब म्हटल्यावर जुना लॅपटॉप अडखळणारच, सेंडला एकात भागतं. मेहनत सुरुवातीला सेंडला जरा जास्त. सोर्स ट्रॅक (ज्याचा आवाज पाठवायचा तो) निवडायचा, सेंड ट्रॅकच्या खालच्या बाणावर क्लिक करायचं, तिथं नॉब येतो त्यानं किती पाठवायचं ते ठरवायचं. आणि रिव्हर्बचा ड्राय, म्हणजे त्यातून जाणारा मूळ आवाज, शून्यावर ठेवायचा, नाहीतर तो दोनदा येतो.

पण खरी मजा पुढं आहे. सेंडवर रिव्हर्बनंतर इक्यू (आवाजातले जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारं साधन) लावून २०० हर्ट्झच्या खालचं कापा, पखवाजाची घुमी गढूळ होत नाही. मग तिथंच कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) लावून त्याला गायकाच्या ट्रॅकवरून साइडचेन द्या, म्हणजे गायकाच्या आवाजावर तो चालेल, गाताना रिव्हर्ब दबतो आणि ओळ संपली की मस्त वर येतो. ट्रॅकवरच रिव्हर्ब असेल तर त्यानंतरचा इक्यू मूळ आवाजालाही कापतो, तिथं ही मोकळीक मिळत नाही.

सगळी मंडळी एकाच देवळात बसून गातायत असं वाटायला हवं असेल तर डोळे झाकून सेंड. एखादाच ट्रॅक, समजा टाळ, मुद्दाम लांबून ऐकू यायला हवा असेल तर त्याच्यापुरता थेट त्याच्यावरच टाका.