पात्ररचनेचे सराव: आठ महिन्यांनंतर काय टिकलं

आठ महिने, आठवड्याला तीन बैठका, प्रत्येकी साधारण ४० मिनिटं. एवढ्या वापरानंतर कथा-कादंबरीतली पात्रं घडवण्याच्या पाच सरावांपैकी दोन कायमचे राहिले, दोन अधूनमधून लागतात आणि एक तर जसाच्या तसा वापरूच नये असा आहे.

तो म्हणजे शंभर प्रश्नांची प्रश्नावली. जन्मतारीख, उंची, आवडता रंग, लहानपणीची भीती... एका पात्राला तीन तास जातात आणि हाती लागतो भरगच्च बायोडेटा. यात पात्र प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देतं, आणि माणसं तसं कधीच करत नाहीत. फ्रेंच कादंबरीकार प्रुस्तच्या नावाने प्रसिद्ध असलेली प्रश्नावलीसुद्धा त्याने रचलेली नाही. एकोणिसाव्या शतकातला तो बैठकीतला खेळ होता, प्रुस्तने फक्त उत्तरं लिहिली. चारचौघांत शोभेल असं उत्तर देण्याची ओढ अशा खेळात असतेच, आणि कामाची गोष्ट तीच. म्हणून १२च प्रश्न घ्यावेत, कागदावर दोन रकाने करावेत: चारचौघांत काय सांगेल, मनाशी काय कबूल करेल. दोन्हीकडे एकच उत्तर आलं की तो प्रश्न खोडायचा. तीन-चार उरतात, तेवढे पुरतात.

नकाराचा संवाद मात्र पहिल्या दिवसापासून कामाला येतो. दोन पात्रं, २४ वाक्यं, प्रत्येकी १२. एकाला काहीतरी हवंय, पण सोळाव्या वाक्यापर्यंत त्याने त्याचं नाव काढायचं नाही. दुसऱ्याने ते द्यायचं नाही, पण ‘नाही’, ‘नको’, ‘जमणार नाही’ हे शब्द त्याला बंद. ‘म्हणाला-म्हणाली’ही नको. पहिली सहा वाक्यं बहुधा ख्यालीखुशालीतच जातात, ती सरळ कापावीत. खरी अडचण पुढे येते: दोघंही सारखेच हजरजबाबी होतात, कारण दोघांच्या तोंडून लेखकच बोलत असतो. अशा वेळी एकाला पाच शब्दांची मर्यादा घालावी आणि दुसऱ्याचं वाक्य कधीच पूर्ण होऊ देऊ नये. तीन-चार खेपांनंतर हे बंधन काढलं तरी आवाज वेगळे राहतात. मराठीत आणखी एक चकवा आहे. ‘येतो’ आणि ‘येते’मुळे बोलणारा आपोआप ओळखू येतो आणि आवाज वेगळा साधल्याचा भास होतो. म्हणून सरावासाठी दोन्ही पात्रं एकाच लिंगाची घ्यावीत.

सगळ्यांत जास्त मिळतं ते संबोधनांच्या तक्त्यातून. पाच पात्रं असतील तर २० घरं होतात, कारण अ ब-ला काय म्हणतो आणि ब अ-ला काय म्हणतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक घरात तीन नोंदी: तू, तुम्ही की आपण, हाक नावाने, नात्याने की टोपणनावाने, आणि पाठीमागे ‘तो’ की ‘ते’. तोंडावर ‘तुम्ही’ आणि पाठीमागे ‘तो’ असं घर सापडलं की तिथे एक प्रसंग दडलेला असतोच. काही घरं रिकामी राहतात, ती तर सोनंच. ‘कधी निघायचं?’, ‘चहा घ्यायचा का?’ असं बोलून तू आणि तुम्ही दोन्ही टाळता येतात. वर्षानुवर्षं असं टाळणाऱ्या दोघांबद्दल आणखी माहिती भरायची गरजच उरत नाही.

तक्ता झाला की एक घर निवडून २०० शब्दांचा प्रसंग लिहावा, ज्यात संबोधन बदलतं. इथे हमखास चूक होते: ‘आज पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला’ असं निवेदक सांगून मोकळा होतो. ते वाक्य काढावं. त्याऐवजी आधीचं ‘तुम्ही’ निदान तीन ठिकाणी ठळक दिसू द्यावं, नाहीतर बदल वाचकाच्या नजरेतून निसटतो.

पात्राच्या पिशवीतल्या १५ वस्तूंची यादी झटपट होते. जुना फोटो, न पाठवलेलं पत्र, बंद पडलेलं घड्याळ ही मंडळी पहिल्या पाचांत हजर असतातच, त्यांना लगेच निरोप द्यावा. कामाचं काही येतं ते दहाव्या वस्तूनंतर.

राहिला ‘हे पात्र असं कधीच करणार नाही’ हा सराव: न होणारी कृती ठरवायची आणि ३०० शब्दांत ती त्याच्याकडून करवून घ्यायची. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये गोल पात्राची, म्हणजे एकाच गुणात न मावणाऱ्या, अनेक पैलूंच्या पात्राची कसोटी सांगितली, ती म्हणजे पटेल अशा रीतीने चकित करण्याची क्षमता. चकित करणं सोपं आहे, घोडं अडतं ते ‘पटेल’पाशी. मग बालपणीची जखम कारण म्हणून चिकटवली जाते. ते कारण वर्ज्य ठेवून कृतीच्या आधीच्या दहा मिनिटांतच कारण शोधावं: कोण समोर होतं, कोणापुढे मान खाली जाणार होती, घाई कशाची होती.

हे सगळं पहिल्या खर्ड्याआधी करायचं नाही. खर्ड्याची पाच-सहा पानं झाल्यावर तक्ता भरला तर वीसपैकी सात-आठ घरं लिखाणातूनच सापडतात, आणि जिथे पानावर एक आणि तक्त्यात दुसरं निघतं, तिथे बहुतेक वेळा पानावरचंच ठेवावं.