किलोमागे किती? : दर ताडून पाहण्याच्या तीन साधनांविषयी

किराणा मालाच्या पाकिटावर कमाल किरकोळ किमतीच्या शेजारी हल्ली ‘यू.एस.पी.’ या अक्षरांपुढे बारीक छपाईत आणखी एक आकडा असतो. मी स्वतः कितीतरी दिवस त्याला बॅच क्रमांकाचाच भाग समजत होतो. वस्तुतः तो ‘युनिट सेल प्राइस’, म्हणजे त्या मालाचा ग्रॅममागे, किलोमागे किंवा लिटरमागे पडणारा एकक दर असतो. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 यांत 2021 साली दुरुस्ती झाली आणि तो छापणे बंधनकारक ठरले. चहा, बिस्किटे, खाद्यतेल असा माल ठरावीक वजनांतच भरण्याची सक्तीही याच दुरुस्तीने उठली, म्हणून फडताळावर 850 मिलीची तेलाची पिशवी आणि 460 ग्रॅमचा पुडा असली अडनिडी मापे दिसू लागली आणि तोंडी हिशेब करणे अवघड होऊन बसले. गेले चार महिने घरचे वाणसामान आणताना मी हा छापील दर, मोबाइलवरचे एक मोफत अॅप आणि साधा कॅल्क्युलेटर ही तिन्ही साधने आळीपाळीने वापरून पाहिली.

छापील दराकडून माझी अपेक्षा सर्वांत जास्त होती आणि निराशाही त्यानेच जास्त केली. नियम असा आहे की, माल एक किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅममागे द्यावा, जास्त असेल तर किलोमागे द्यावा आणि आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करावा. ग्रॅमचा दर पैशांत येत असल्यामुळे ही दोन स्थळे फार तोकडी पडतात. माझ्या हातात जाड पोह्यांची अर्ध्या अर्ध्या किलोची तीन पाकिटे होती, 33, 37 आणि 38 रुपयांची. पहिल्या दोहोंवर ग्रॅमला 0.07 रुपये आणि तिसऱ्यावर 0.08 रुपये असा दर होता. म्हणजे छपाईवर विसंबावे तर पहिली दोन सारखीच आणि तिसरे किलोमागे दहा रुपयांनी महाग. प्रत्यक्षात किलोचा दर अनुक्रमे 66, 74 आणि 76 रुपये पडतो, म्हणजे आठ रुपयांचा फरक छपाईने गिळला आणि दोन रुपयांचा फरक दहावर नेला. यात कंपनीची लबाडी नाही, नियमाप्रमाणेच सगळे छापलेले आहे. पोहे, रवा, मीठ अशा स्वस्त जिनसांच्या बाबतीत मात्र तो आकडा वाचला काय आणि न वाचला काय, सारखेच. काजू, वेलदोडे, कॉफी अशा महागड्या वस्तूंच्या बाबतीत तो बऱ्यापैकी भरवशाचा ठरतो, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. हा दर कमाल किरकोळ किमतीवरून काढलेला असतो आणि सुपरमार्केटात त्या किमतीला माल सहसा कोणी घेत नाही. तूरडाळीच्या अर्धा किलोच्या पाकिटावर 110 रुपये, म्हणजे ग्रॅमला 0.22 रुपये, छापलेले होते आणि किलोच्या पाकिटावर 210 रुपये. छपाईप्रमाणे मोठे पाकीट स्वस्त होते. फडताळावर दुकानाने लावलेल्या किमतीच्या पट्टीनुसार मात्र छोटे 76 रुपयांना आणि मोठे 158 रुपयांना होते, म्हणजे छोटी दोन घेतली तर किलोमागे सहा रुपये वाचत होते. माझी बहीण मेलबर्नला असते. तिकडे 2009 पासून मोठ्या किराणा दुकानांना फडताळावरच, विक्रीच्या किमतीवरून काढलेला एकक दर लावावा लागतो. आपल्याकडे दुकानाच्या पट्टीवर तसा दर आला, तर या लेखातला निम्मा मजकूर अनावश्यक ठरेल.

अॅपचे नाव देत नाही, कारण अशी बहुतेक अॅपे एकाच वळणाची असतात. किंमत व वजन टाकायचे की स्वस्त वस्तू हिरव्या रंगात उजळते. ‘500 ग्रॅमवर 150 ग्रॅम मोफत’ अशा पुड्यांसाठी ते सोयीचे आहे. मात्र दर दोन-तीन नोंदींनंतर येणारी जाहिरात, एका हातात टोपली असताना भरायच्या चार चार चौकटी आणि मागे ताटकळणारी माणसे यांमुळे त्याचा उपयोग घरी बसूनच जास्त झाला. तेलाच्या बाबतीत तर त्याने हातच टेकले. पाच लिटरचा कॅन 760 रुपयांना, म्हणजे लिटरला 152, आणि पंधरा किलोचा डबा 2430 रुपयांना, म्हणजे किलोला 162. अॅपला लिटर आणि किलो यांची सांगड घालता येईना. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरते, हे पिशवीवरच लिहिलेले असते. 162 ला 0.91 ने गुणले की डब्यातले तेल लिटरला सुमारे 147 रुपये पडते आणि डबा स्वस्त ठरतो.

हा गुणाकार अर्थातच कॅल्क्युलेटरवर केला, आणि चार महिन्यांनंतर माझ्या खिशात तेवढाच उरला आहे. पट्टीवरची किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार, एवढेच करायचे. त्याच्या जोडीला एक पातळ वही ठेवली, तिच्यात नेहमीच्या वीस-पंचवीस जिनसांचा मागच्या खेपेचा किलोचा दर लिहिलेला असतो. ‘बचत पॅक’ लिहिलेले पाकीट हातात आले की आधी वही उघडतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडचा सुटा गहू आणि साखरही तिच्यामुळेच हिशेबात आली. सुट्या मालावर काहीच छापलेले नसते आणि अॅप उघडण्याइतका धीर तिथे कुणालाच नसतो.

वहीतली सर्वांत अनपेक्षित नोंद शाम्पूची आहे. 180 मिलीची बाटली 160 रुपयांना, म्हणजे मिलीला 89 पैसे. त्याच शाम्पूची साडेपाच मिलीची पुडी दोन रुपयांना, म्हणजे 36 पैसे. त्या पुडीवर एकक दर कुठे छापलेला मला सापडला नाही. बाटली घेणे आम्ही बंद केले आहे, फक्त न्हाणीघरात पुड्यांच्या कापलेल्या कोपऱ्यांचा कचरा वाढला, अशी घरातून रोज तक्रार असते.