आर्डबेग टेन, हुरडा आणि फ्रान्सने हरलेली फायनल

आर्डबेग टेन ही स्कॉच व्हिस्की डोळे झाकून घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही, पण ज्याला धुराचा वास आवडतो, आगटीजवळ बसलं की उठावंच वाटत नाही, अशा माणसाने ही एकदा तरी घ्यावीच, आणि ती पण लांबलचक मॅचसोबत, घाई न करता. मी घेतली ती १८ डिसेंबर २०२२ च्या फुटबॉल वर्ल्डकप फायनलला, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. मी फ्रान्सवाला, ९८ ला झिदानने ब्राझीलला कॉर्नरवरून दोन हेडर मारले तेव्हापासूनचा, त्यामुळे त्या रात्री माझं काय झालं ते मॅच बघितलेल्यांना सांगायची गरज नाही.

आधी बाटलीचं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे, त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग अशा तिन्ही डिस्टिलरी एकाच रस्त्याला लागून. आर्डबेग १८१५ ची, मधे १९८१ ला बंदच पडली होती, नंतर थोडीफार चालली, आणि १९९७ ला ग्लेनमोरांजी ह्या दुसऱ्या व्हिस्कीवाल्यांनी विकत घेतली म्हणून आज आपल्याला प्यायला मिळतेय. तिथं दलदलीत हजारो वर्षं साठून दबलेलं शेवाळ-गवत असतं, पीट म्हणतात त्याला, ते खणून वाळवतात, जाळतात आणि मोड आलेलं बार्ली त्याच्या धुरावर सुकवतात. धूर मोजायचं माप म्हणजे बार्लीतलं फेनॉल, धुराचा वास देणारं रसायन, लागावुलिनचं साधारण ३५ पीपीएम (दहा लाखांत ३५ भाग) सांगतात आणि आर्डबेगचं ५० च्या वर. आकडा बघून लोक घाबरतात, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, टेन प्यायला तेवढी दांडगी नाहीये, धुराच्या खाली लिंबाची साल आणि व्हॅनिला अगदी स्वच्छ लागतो, बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, जुन्या पिंपात दहा वर्षं ठेवलेली असते त्याचा तो गुण.

आम्ही बसलो होतो बदनापूरजवळ मित्राच्या शेतात. डिसेंबर म्हणजे हुरड्याचे दिवस, रविवार, थंडी बऱ्यापैकी, आणि मॅच साडेआठला, म्हणजे जागरणाची पण भानगड नाही, आणखी काय पाहिजे. पोरं सगळी मेस्सीची. मित्राच्या दाजींनी ग्लास नाकाला लावला आन् म्हन्ले, "मालक, हे काय पिऊ लागले तुम्ही, टिंचर आयोडीनचा वास येऊ लागलाय ह्याला." दाजी बरोबरच बोलले, आयलाच्या व्हिस्कीत तो दवाखान्याचा वास असतोच, तो नको असेल तर ही बाटली तुमच्यासाठी नाही. पण दाजींनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि मग ग्लास परत दिलाच नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. आगटीच्या शेजारी बसून ही पिऊ नका. गोवऱ्यांचा धूर नाकात भरला की पीटचा धूर कळतच नाही, नुसती काळी मिरी आणि तिखटपणा लागतो. मी ग्लास घेऊन ओसरीवर टीव्हीपाशी आलो, थोडा वेळ गेला आणि मग ती उघडली, आधी राख, मग लिंबू, मग डांबरासारखं काहीतरी, आणि मागून खारट समुद्र. सोबत गरम हुरडा आणि गूळ लई भारी, कोवळ्या गुळभेंडी ज्वारीचे दाणे आगटीतून काढून चोळले की त्यात जो गोड धूर उतरलेला असतो ना, टेनमधला धूर थेट त्याच जातीचा आहे. लसणाची चटणी मात्र लांब ठेवा, त्या घासानंतर व्हिस्कीचं काहीच लागत नाही. बर्फ पण नको. ही ४६ टक्क्यांची आहे आणि चिल फिल्टर (थंड करून गाळणं) केलेली नाही, म्हणून चमचाभर पाणी टाकलं की ग्लास धुकट होतो, आमच्या एका पोराला वाटलं माल खराब आहे, तसं नाही, त्यातले तेलकट घटक गाळून काढलेले नसतात म्हणून होतं ते, आणि तोंडात जो जाडपणा येतो तो त्याच्यामुळेच. पाणी बोअरचं टाकू नका, आपल्याकडचं पाणी जड, जारचं चालेल.

मॅचची पहिली ऐंशी मिनिटं मला बघवत नव्हती. २३ व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, ३६ व्याला डी मारिया (तो गोल विरोधात असून पण मला आवडला, एकेका टचवर बॉल कुठून कुठं नेला त्यांनी), आणि हाफटाईमच्या आधीच आमचा कोच देशाँने जिरू आणि डेम्बेलेला बाहेर काढलं. एवढा वेळ मी बारीक बारीक घोट घेत बसलो. मग ८० व्या मिनिटाला आमच्या एम्बाप्पेची पेनल्टी, मी एक मोठा घोट घेतला, आणि त्या घोटाचा धूर जिभेवर आहे तोवर त्याने तो व्हॉली मारला, दीड मिनिटात दोन गोल! ह्या व्हिस्कीची चव किती वेळ टिकते ते मला कुठल्याच रिव्ह्यूतून कळलं नव्हतं, त्या दीड मिनिटात कळलं.

पुढचं माहितीच आहे. एक्स्ट्रा टाईममधे १०८ ला मेस्सी, ११८ ला परत एम्बाप्पे, १९६६ च्या जेफ हर्स्टनंतर पहिल्यांदा फायनलमधे हॅटट्रिक. आणि अगदी शेवटी आमचा कोलो मुआनी एकटा समोर, त्यांचा गोलकीपर मार्टिनेझने डावा पाय लांब करून अडवला. तो पाय मला अजून दिसतो. शूटआऊटमधे आमच्या कोमाँची अडवली, चुआमेनीची बाहेर गेली, त्यांच्या मोंतिएलने मारली आणि संपलं, ४-२. पोरं अंगणात नाचायला लागली आणि मी तसाच बसून राहिलो, कुणी काही बोललं नाही मला, दाजींनी तेवढा न विचारता ग्लास भरला.

आणि इथंच मला ही व्हिस्की खरी पटली. शेरी वाइनच्या पिंपातली गोड, मनुका-चॉकलेटवाली एखादी त्या वेळी हातात असती तर चीड आली असती. आर्डबेग लाड करत नाही, कडू आहे, खारट आहे, पण त्या कडूच्या मागून हळूच गोडी येते आणि तिला वेळ द्यावा लागतो, हरल्यावर माणसाकडे तेवढा वेळ असतोच. एम्बाप्पे वर्ल्डकपचे आठ गोल करून गोल्डन बूट घेऊन कपाच्या बाजूने नुसता चालत गेला, ते बघताना मला तीच चव पाहिजे होती, दुसरी कुठलीच नाही.

किंमत आपल्याकडे लई लागते, कुणी बाहेरून येणार असेल तर ड्युटी फ्रीमधून मागवा. पीट कधीच प्यायला नसाल तर एकदम हिच्यावर येऊ नका, आधी टॅलिस्कर टेन घ्या, त्यात धूर आहे पण बेताचा, ती आवडली तर मग ही. बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर दारूने बूच खराब होतं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा शोकेसमधे मिरवत ठेवू नका, आतल्या खोलीत कपाटात ठेवा. निम्म्याच्या खाली आली की फार दिवस ताटकळत ठेवायची नाही, आतल्या हवेने धूर उतरत जातो, चांगली मॅच बघून संपवून टाका.