कमी खर्चात उड्डाण प्रशिक्षक होण्यासाठी कोणता मार्ग निवडावा: पार्ट ६१, पार्ट १४१, जलद शिबिर आणि दोन आडवाटा

अमेरिकेत कमर्शियल पायलटचे (मोबदला घेऊन विमान उडवण्याचे) प्रमाणपत्र आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर दिसत नसताना केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) हाती येईपर्यंत बहुतेकांची बचत संपलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी सीएफआय, म्हणजे उड्डाण प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्राचा खर्च समोर उभा राहतो. एअरलाइनच्या वाटेवर असलेल्यांना हा टप्पा सहसा टाळता येत नाही. कोलगन एअर या अमेरिकी एअरलाइनच्या २००९ मधील अपघातानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव लागू लागला. पदवी अभ्यासक्रम किंवा लष्करी सेवा केलेल्यांना त्यात काही सवलत आहे. हे तास स्वतःच्या खिशातून भरायचे की शिकवत शिकवत मिळवायचे, असा हा प्रश्न असल्याने प्रशिक्षक होण्याचा खर्च हा बहुतेकांच्या दृष्टीने पुढचा मोठा खर्च वाचवणारा खर्च आहे. तो कोणत्या मार्गाने करावा, याची ही तुलना विमानाच्या, त्यातही एक इंजिनाच्या विमानाच्या प्रशिक्षकापुरती मर्यादित आहे.

प्रथम सर्व मार्गांना समान असलेल्या गोष्टी पाहू. वय किमान १८ हवे. शिकवण्याच्या मूलतत्त्वांची आणि विमान प्रशिक्षकाची अशा दोन लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. त्या प्रकारच्या विमानात मुख्य वैमानिक म्हणून १५ तास लागतात. स्पिनचे, म्हणजे विमान गिरक्या घेत खाली येऊ लागते त्या अवस्थेचे, प्रशिक्षण घेतल्याची सही लॉगबुकात लागते. आणि शेवटी परीक्षकासमोर तोंडी व प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षेचे शुल्क प्रत्येकी १७५ डॉलर आहे आणि निकाल २४ महिने ग्राह्य राहतो. हा खर्च कोणत्याही मार्गाने टळत नाही, फक्त नापास होऊन तो दुप्पट करणे टाळता येते. मार्गामार्गांतला खरा फरक विमानाचे तास, जमिनीवरचे शिक्षण आणि परीक्षक या तीन ठिकाणी पडतो.

पार्ट ६१ आणि पार्ट १४१ हे अमेरिकी विमाननियमांचे दोन भाग आहेत. पार्ट ६१ खाली, म्हणजे एखाद्या स्वतंत्र प्रशिक्षकाकडे किंवा छोट्या शाळेत शिकताना, सीएफआयसाठी उड्डाणशिक्षणाचे ठरावीक किमान तास नाहीत. शिकवणाऱ्याला उमेदवार तयार वाटला की तो सही देतो. पार्ट १४१ च्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात मात्र पहिल्यांदा प्रशिक्षक होणाऱ्यासाठी ४० तासांचे जमिनीवरचे आणि २५ तासांचे उड्डाणाचे शिक्षण ठरलेले आहे. आकड्यांतला फरक डोळ्यांसमोर यावा म्हणून समजा की विमानाचे भाडे तासाला १६० डॉलर आणि प्रशिक्षकाचे मानधन तासाला ७० डॉलर आहे. मग १४१ मध्ये केवळ उड्डाणाचे ५,७५० डॉलर होतात. ६१ खाली एखादा उमेदवार १२ तासांत तयार झाला, तर तेच २,७६० डॉलरवर थांबते. जवळजवळ तीन हजारांचा हा फरक आहे, आणि तो ‘तयार झाला तर’ या अटीवर उभा आहे. ज्याची तयारी नाही तो ६१ खालीही ३० तास उडवतो, आणि तिथे त्याला थांबवणारा अभ्यासक्रमही नसतो.

म्हणून या निर्णयात विमानाच्या तासाच्या भाड्यापेक्षा उमेदवाराची स्वयंशिस्त अधिक महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे. तासाला वीस डॉलर स्वस्त विमान शोधण्यात महिना घालवणारे अनेक जण पाठांचे आराखडे लिहिलेले नसतानाच उड्डाण सुरू करतात आणि जे घरी टेबलाशी बसून शिकता आले असते ते इंजिन चालू ठेवून शिकतात. एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक संस्थेची, वैमानिकी ज्ञानाची, विमानोड्डाणाची आणि प्रशिक्षकांसाठीची पुस्तिका, तसेच परीक्षेचे निकष सांगणारा दस्तऐवज, हे सर्व एफएएच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे. परीक्षक ज्या निकषांवर गुण पाहतो तेच निकष उमेदवाराच्या हातात फुकट आहेत, ही बाब कमी बजेट असलेल्याने आधी पूर्ण वापरून घ्यावी.

किमान तास नसण्याचा आणखी एक फायदा आहे, जो सहसा लक्षात येत नाही. ६१ खाली लॉगबुकातले आकडे वाढवायचे नसून उजव्या आसनावरून उडवत, त्याच वेळी बोलत शिकवण्याचे कौशल्य आणायचे असते. त्यामुळे कमर्शियल पातळीचे दोन उमेदवार एकत्र येऊन भाडे अर्धे अर्धे वाटून सराव करू शकतात: एक उजवीकडे बसून प्रशिक्षकाची भूमिका करतो, दुसरा डावीकडे बसून विद्यार्थ्याच्या नेहमीच्या चुका करतो. हे अधिकृत शिक्षण नव्हे आणि दोघांपैकी मुख्य वैमानिक कोण, हे उड्डाणापूर्वीच स्पष्ट ठरवलेले असावे. शिवाय प्रशिक्षक नसलेल्या भाडेकरूने उजवीकडून उडवणे विमानमालकाच्या विम्यात बसते का, हे लेखी विचारून घ्यावे. पण शँडेल किंवा लेझी एट यांसारख्या परीक्षेतल्या ठरावीक कसरती करत असताना त्याचे वर्णन तोंडाने सुसंगत करता येणे या सरावातून जितके स्वस्तात येते तितके दुसऱ्या कशातून येत नाही.

मग १४१ कोणी घ्यावे? ज्याचा खर्च दुसरे कोणी उचलणार आहे त्याने. माजी सैनिकांना जीआय बिलाचे (त्यांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी योजनेचे) उड्डाणप्रशिक्षणाचे लाभ मान्यताप्राप्त १४१ शाळांमधूनच मिळतात. त्यासाठी प्रायव्हेट पायलटचे प्रमाणपत्र आधीच असावे लागते आणि वार्षिक रकमेला मर्यादा असते. असा लाभ हाती असताना ६१ ची बचत मोजणे व्यर्थ आहे. वेळापत्रक आणि टप्प्याटप्प्याची तपासणी यांशिवाय ज्यांचा अभ्यास होत नाही, त्यांनाही १४१ चा जादा खर्च परवडू शकतो, कारण अर्धवट सोडलेले प्रशिक्षण हे सर्वांत महाग प्रशिक्षण असते. स्वतःच्या पैशाने शिकणाऱ्या आणि स्वतः अभ्यास करू शकणाऱ्या उमेदवाराने मात्र सीएफआयच्या टप्प्यावर १४१ घ्यावे, असे कोणतेही आर्थिक कारण मला दिसत नाही.

दोन आठवड्यांच्या जलद शिबिरांविषयी थोडक्यात सांगतो. ठरावीक रकमेचे आकर्षण खरे आहे, परंतु त्या रकमेत परीक्षकाचे शुल्क, स्पिनचे उड्डाण, निवास आणि हवामानामुळे वाढलेले दिवस बहुधा धरलेले नसतात, आणि नोकरीवरच्या बिनपगारी रजेचा खर्च तर जाहिरातीत कधीच नसतो. दोन्ही लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि पाठांचे आराखडे तयार असलेला उमेदवार तिथे गेला तर सौदा चांगला. रिकाम्या हाताने गेला तर दोन आठवडे पुरत नाहीत.

परीक्षकाची निवड हा बचतीचा असा भाग आहे की त्याबद्दल आधीच विचार करावा. एफएएने नेमलेले खासगी परीक्षक आपले शुल्क स्वतः ठरवतात. एफएएच्या स्थानिक कार्यालयातील निरीक्षकाने परीक्षा घेतली तर शुल्क नसते, पण निरीक्षक मिळेलच याची शाश्वती नसते आणि प्रतीक्षा लांबते. त्या काळात हात बसलेला राहावा म्हणून उडवलेल्या तासांचा खर्च त्या बचतीतून वजा करावा लागतो. नापास झाल्यास ६० दिवसांच्या आत फेरपरीक्षा दिली तर उत्तीर्ण झालेल्या भागांचे श्रेय टिकते. स्पिन आणि स्टॉलच्या (पंखांची उचल अचानक कमी होण्याच्या) भागातील उणिवेमुळे नापास झालेल्याला मात्र फेरपरीक्षेत केवळ लॉगबुकातील सही दाखवून चालत नाही. स्पिनसाठी मान्य असलेले विमान आणून ते प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. म्हणून स्पिनचे प्रशिक्षण एका तासात उरकण्याचा मोह टाळावा. तिथे वाचवलेले शंभर-दीडशे डॉलर फार महाग पडू शकतात, आणि पुढे विद्यार्थ्याचा जीव ज्या ज्ञानावर अवलंबून असेल ते ज्ञानही हेच आहे.

विमानाच्या बाबतीत एक मोठा खर्च आता उरलेला नाही. २०१८ पर्यंत या परीक्षेसाठी मागे घेता येणारी चाके असलेले, महागडे विमान आणावे लागत असे; त्या वर्षी एफएएने ती अट काढली. आज सेसना १७२ सारख्या साध्या विमानात परीक्षा देता येते, म्हणून कोणी सवयीने वेगळ्या विमानाचे तास हिशेबात धरले असतील तर त्याचे कारण विचारावे. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या बाबतीतही तसेच: शिकवण्याचा मोबदला घेणाऱ्या प्रशिक्षकाला द्वितीय श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, तृतीय श्रेणी किंवा बेसिकमेड (त्याऐवजी चालणारी सोपी वैद्यकीय पद्धत) पुरते.

एका लेखी परीक्षेच्या शुल्कात मिळणारा आणखी एक लाभ सुचवावासा वाटतो. मूलतत्त्वांची परीक्षा द्यायचीच असते. तिच्याबरोबर प्रगत ग्राउंड इन्स्ट्रक्टरची लेखी परीक्षा दिली, तर उड्डाणाची परीक्षा न देताच ग्राउंड इन्स्ट्रक्टरचे प्रमाणपत्र मिळते. त्याने जमिनीवरचे विषय शिकवून थोडे उत्पन्न सुरू करता येते, शिकवण्याचा सराव होतो, आणि ते प्रमाणपत्र हाती असल्यास सीएफआयसाठी मूलतत्त्वांची परीक्षा पुन्हा लागत नाही. पैशाअभावी ज्यांचे प्रशिक्षण वर्षभर रखडण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी हा १७५ डॉलरचा खर्च मी सर्वांत आधी सुचवेन. सातवी किंवा त्यावरील वर्गांना शिकवण्याचा शासकीय परवाना असलेले शिक्षक आणि मान्यताप्राप्त महाविद्यालयांतील अध्यापक यांना तर मूलतत्त्वांच्या लेखी परीक्षेतून सूटच आहे.

आता दोन आडवाटा. ज्यांच्याकडे कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट दोन्ही नाहीत आणि ज्यांना एअरलाइनमध्ये जायचे नसून शिकवायचे आहे, त्यांच्यासाठी स्पोर्ट पायलट (हलक्या, साध्या विमानांपुरता मर्यादित वैमानिक) घडवणाऱ्या प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आहे. विमानासाठी एकूण १५० तासांच्या अनुभवावर ते मिळवता येते, इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागत नाही, आणि शिकवण्याचा मोबदला घेता येतो. अशा प्रशिक्षकाकडे घेतलेले तास विद्यार्थ्याला पुढे प्रायव्हेट पायलटसाठी धरता येतात. मर्यादा अशी की विद्यार्थ्यांची संख्या आणि शाळांची मागणी कमी असते. दुसरी वाट ग्लायडरची, म्हणजे इंजिनाविना उडणाऱ्या विमानाची: तिथे इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दोन्ही लागत नाहीत, क्लबमध्ये शिकवणारे बहुधा स्वयंसेवक असतात, आणि ग्लायडर प्रशिक्षक झाल्यावर विमानाचे रेटिंग ‘वाढीव’ म्हणून छोट्या परीक्षेने जोडता येते. जवळ चांगला क्लब असेल तर ही वाट गांभीर्याने तपासावी. केवळ पहिली परीक्षा सोपी करण्यासाठी दूरच्या क्लबकडे गेल्यास प्रवासातच बचत संपते.

६१ निवडणाऱ्याने पहिल्या भेटीतच एक प्रश्न विचारावा: प्रथमच प्रशिक्षक होणाऱ्याला शिकवण्यास हा प्रशिक्षक पात्र आहे का? जुनी आणि सरळ कसोटी म्हणजे किमान २४ महिने प्रमाणपत्र आणि किमान २०० तास उड्डाणशिक्षण दिल्याचा अनुभव. अलीकडे इतर काही पर्यायही जोडले गेले आहेत. हे न तपासता सुरुवात केली आणि शेवटी त्याची सही चालली नाही, तर घेतलेले पाठ दुसऱ्याकडे पुन्हा घ्यावे लागतात.

पैसे उभे करताना शिष्यवृत्त्यांचे अर्ज आधी आणि कर्ज शेवटी, हा क्रम ठेवावा. एओपीए (विमानमालक व वैमानिकांची संघटना) फाउंडेशन, विमेन इन एव्हिएशन इंटरनॅशनल आणि महिला वैमानिकांची नाइंटी-नाइन्स ही संघटना प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देतात. नव्या प्रशिक्षकाची कमाई हवामानावर आणि विद्यार्थ्यांच्या हजेरीवर अवलंबून असते, आणि कर्जाचा हप्ता पावसाळी महिन्यातही तेवढाच असतो. कोणत्याही मार्गाने गेले तरी संपूर्ण शुल्क आगाऊ भरू नये, मग त्यावर सवलत कितीही मिळो. २००८ मध्ये सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी प्रशिक्षणसंस्था एकाएकी बंद पडली तेव्हा कर्ज काढून आगाऊ रक्कम भरलेले शेकडो विद्यार्थी प्रशिक्षणाविना कर्जदार राहिले. प्रत्येक धड्यानंतर पैसे द्यावेत. शाळेने खात्यात रक्कम ठेवण्याचा आग्रह धरल्यास चार-पाच तासांहून अधिक उड्डाणाची रक्कम तिथे ठेवू नये, आणि उरलेली परत कशी मिळते ते पहिला धडा घेण्यापूर्वी लेखी घ्यावे.