लेदर कापायचं, चिकटवायचं की पसरू द्यायचं? कोकणातल्या घरच्या रीफ टाकीसाठी

घरच्या रीफ टाकीतलं, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) वाढवायच्या टाकीतलं, टोडस्टूल लेदर हे छत्रीच्या आकाराचं मऊ कोरल ताटलीएवढं झालं, खालच्या कोरलवर त्याची सावली पडायला लागली, आणि ओळखीचे दोघे-तिघे ‘एक फ्रॅग दे ना’, म्हणजे वाढवायला कोरलचा तुकडा दे ना, म्हणून मागे लागले, की निर्णय घ्यावाच लागतो. रीती तीन आहेत. ब्लेडने कापून तुकडा दगडाला चिकटवायचा, कापून नुसताच जाळीखाली ठेवायचा, किंवा कापाकापी न करता कोरलला आपल्या चालीने पसरू द्यायचं. तिन्ही चालतात. पण व्हिडिओत वातानुकूलित खोलीत जे सोपं दिसतं, ते रत्नागिरी-मालवणकडच्या दमट घरात, वीज कधी जाईल याचा नेम नसताना, तसंच्या तसं जमत नाही.

चिकटवण्याची रीत सगळ्यात झटपट वाटते, म्हणून नवखे तिकडेच वळतात. लागतं ते सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपलं फेविक्विक जातीचं, पण जेल स्वरूपातलं. पातळ फेविक्विक पाण्यात गेलं की लगेच पांढरा पापुद्रा धरतं आणि वाहून जातं. लेदरची अडचण मात्र गोंद बदलून सुटत नाही. कापल्याबरोबर लेदर चिकट स्राव सोडतं. गोंद त्या स्रावाला धरतो, मांसाला धरत नाही. संध्याकाळी घट्ट बसलेला तुकडा सकाळी पंपाच्या जाळीवर सापडतो. शिवाय हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच आवळतो, त्यामुळे पावसाळ्यात उघडलेली मोठी ट्यूब फार दिवस टिकत नाही. छोट्या ट्यूबा घ्या.

गोंद खरा कामाचा आहे तो ग्रीन स्टार पॉलिप या चटईसारख्या पसरणाऱ्या कोरलसाठी. त्याची जांभळी चटई दगडावरून सोलून कात्रीने कापायची, खालची बाजू टिश्यूने टिपायची आणि जेलवर दाबून धरायची. ती बसते. पुढे ती इतकी पसरते की मुख्य दगडापासून दूर, वाळूतल्या सुट्या दगडावरच ठेवलेली बरी.

लेदर आणि मशरूम (बशीसारखी चपटी मऊ कोरल) यांच्यासाठी माझं मत स्पष्टपणे जाळीच्या बाजूने आहे. उथळ प्लास्टिकचा डबा घ्यायचा, त्यात खरबरीत तुकड्यांचा थर द्यायचा, त्यावर कापलेली कोरल ठेवायची आणि वर मच्छरदाणीच्या नव्या कापडाचा तुकडा रबरबँडने ताणून लावायचा. डबा टाकीत मंद प्रवाहाच्या आणि कमी उजेडाच्या कोपऱ्यात. थरासाठी आपल्याकडे फुकटचा माल आहे. तिसऱ्यांचं सुकं केलं की उरलेल्या शिंपल्या उकळून, घासून, कडक उन्हात वाळवून घ्या. कॅल्शियम कार्बोनेटच आहे ते. मीठ-मसाला लागलेल्या नकोत, एवढं सांभाळा. जांभ्याचे तुकडे वापरू नका, ते भुसभुशीत आणि लोहयुक्त असतात. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा तर उचलूच नका. खडकाळ प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे.

एक ते तीन आठवड्यांत तुकडा शिंपलीला स्वतःहून धरतो. मग ती शिंपली हव्या त्या दगडाला जेलने चिकटवा. गोंद आणि कोरल यांची गाठ पडतच नाही, हा या रीतीचा सगळ्यात मोठा फायदा. तोटा एवढाच की जाळीखाली एखादा तुकडा सडायला लागला तर पटकन दिसत नाही, आणि एक सडला की शेजारचेही जातात. म्हणून रोज डोकावायचं. पांढरट बुळबुळीत किंवा काळा पडलेला तुकडा नळीने ओढून बाहेर. ज्यांना कामानिमित्त आठवडाभर मुंबईला जावं लागतं, त्यांनी या भानगडीत पडू नये. बोटांसारख्या सिन्युलेरिया या लेदरला जाळीचीही गरज नाही. देठातून सुई-दोरा ओवून दगडाला सैल बांधला तरी पुरतं. रबरबँड आवळला तर देठच कापला जातो.

न कापण्याच्या रीतीला आळशीपणा समजू नका. झेनिया या नाजूक मऊ कोरलला तीच शोभते, कारण कापलेली झेनिया बऱ्याचदा वितळून जाते, आणि गोंद तिच्यावर टिकत नाही. शेजारी सुटा दगड टेकवून ठेवा, ती त्यावर चढली की दगड सरकवा. केनिया ट्री हे झाडासारखं मऊ कोरल तर आपल्या फांद्या आपणच गाळतं, त्या गोळा करायच्या. मशरूमही सरकताना बुडाचा तुकडा मागे सोडतं आणि त्यातून नवं उगवतं. वेळ लागतो आणि दिशा तुमच्या हातात नसते. पण बिघडण्यासारखं फार काही नाही. टाकी शंभर लिटरच्या आतली असेल, तर मी लेदर सोडून बाकी सगळ्यांना हीच रीत सांगेन.

कापायचं ठरलंच, तर टाकीतलंच पाणी घेतलेल्या पसरट भांड्यात, नव्या ब्लेडने, एका दमात. लेदरला हाडांचा सांगाडा नसला तरी अंगात चुन्याचे बारीक काटे असतात, त्यामुळे पात्याखाली वाळू लागल्यासारखं वाटतं. टोडस्टूलची वरची टोपी कापून तिचे फोडीसारखे भाग करा. उरलेला देठ बुंध्यातून फुटवा आल्यासारखा काही आठवड्यांत पुन्हा डोकं धरतो. मशरूम तोंडातून कापायचं, म्हणजे प्रत्येक तुकड्यात तोंडाचा भाग येतो. लेदर मेणचट कात टाकत असेल, मिटून बसलं असेल, तर थांबा. कापल्यावर लेदर टर्पीन जातीची रसायनं सोडतं, ती शेजारच्या कोरलला बाधतात. म्हणून त्या दिवशी नवा अॅक्टिव्हेटेड कार्बन आणि थोडं पाणी बदलणं आलंच.

महिना कोणता, हे मला रीतीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसलेल्या टाकीत एप्रिल-मेमध्ये पाणी सहज तीस अंशांच्या वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि जखम लवकर सडते. जून-जुलैत वाऱ्यापावसाने रात्रभर वीज गेली तर सगळाच खेळ खलास. जाळीचा डबा तर आधीच मंद प्रवाहात असतो. थंडीतसुद्धा बॅटरीवरचा एअरपंप जवळ असू द्या.

झोआंना, म्हणजे दगडावर गुच्छाने वाढणाऱ्या बटणांसारख्या झोअँथिडना, यातली कुठलीच कापाकापी मी घरात सुचवणार नाही. त्यांच्यात, विशेषतः पॅलिथोआ जातीत, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. कापताना उडालेला थेंब डोळ्यात गेला किंवा बोटावर चीर असली तर दवाखाना गाठावा लागेल. झोआ असलेला दगड उकळत्या पाण्यात घालणं तर कधीच नको, वाफेतून विष श्वासात जातं आणि घरातली सगळीच माणसं आजारी पडू शकतात. कोणी झोआ मागितले, तर हातमोजे आणि चष्मा चढवून ते बसलेला छोटा दगडच अख्खा उचलून द्या.