नॅस बंद पडला: डिस्क दुसऱ्या डब्यात घालायच्या, लिनक्सला जोडायच्या की डेटा-रिकव्हरी लॅबमध्ये द्यायच्या?

नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाइल साठवणारा डिस्कचा डबा, बंद पडला की बहुतेक जण लगेच विचारतात, "कुठलं सॉफ्टवेअर वापरू?" त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: मेलंय काय, डबा की डिस्क? डब्याचा अडॅप्टर, मदरबोर्ड किंवा फर्मवेअर (डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर) गेलं असेल तर डिस्क ठणठणीत असतात आणि डेटा जागच्या जागी असतो. डिस्कच जात असेल तर ती जितका वेळ फिरत राहील तितकं नुकसान वाढतं. पहिल्या प्रकारात बिनधास्त चालणारा उपाय दुसऱ्या प्रकारात डेटा कायमचा घालवू शकतो. म्हणून खालची सगळी तुलना याच प्रश्नाभोवती आहे.

डबाच मरतो हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. इंटेलच्या ॲटम सी२००० मालिकेत घड्याळाचा सिग्नल काही काळाने बंद पडण्याचा दोष होता. २०१७ मध्ये तो जाहीर झाला. सिनॉलॉजी या नॅस-कंपनीच्या काही मॉडेलांत हेच प्रोसेसर होते. असा डबा एके दिवशी सुरूच व्हायचा नाही, आतल्या डिस्कना मात्र काही झालेलं नसायचं. त्यामुळे आधी अडॅप्टर बदलून पाहा, सगळ्या डिस्क काढून रिकामा डबा सुरू होतो का ते पाहा. डिस्क काढताना प्रत्येकीवर खणाचा क्रमांक मार्करने लिहा.

मग एकेक डिस्क साध्या पीसीला जोडून स्मार्टसीटीएल या आदेशाने तिची तब्येत पाहायची (डिस्क स्वतःबद्दल नोंदवते ते "स्मार्ट" आकडे तो दाखवतो). शक्यतो मदरबोर्डच्या साटा पोर्टवर जोडा, कारण यूएसबी डॉक बिघडत्या डिस्कच्या चुका नीट कळवत नाहीत, मध्येच जोडणी सोडतात. ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या ओळी बघायच्या: बदली सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा), प्रलंबित सेक्टर, वाचता न येणारे सेक्टर. तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर बहुधा डबाच गेलाय. १९७ आणि १९८ मध्ये आकडे दिसले तर ती डिस्क आजारी समजायची. टक-टक आवाज आला तर लगेच वीज बंद करायची, पुढचं काहीच करायचं नाही. आणि पीसीवर विंडोज असेल तर "डिस्क इनिशियलाइझ करायची का?", "फॉरमॅट करायची का?" या दोन्ही खिडक्यांना नाहीच म्हणायचं. विंडोजला या डिस्कवरची रचना ओळखता येत नाही, म्हणून ते विचारतं. डिस्क रिकामी आहे म्हणून नव्हे.

त्याच कंपनीचा दुसरा डबा

डबा मेला, सगळ्या डिस्क स्वच्छ, आणि पुढेही नॅस वापरायचाच आहे, तर हा रस्ता सर्वांत कमी डोकेदुखीचा. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपच्या डिस्क त्याच कंपनीच्या सुसंगत मॉडेलमध्ये त्याच क्रमाने घातल्या की बहुतेक वेळा नवा डबा जुनी रचना ओळखतो. एनक्रिप्शन, स्नॅपशॉट, युजरच्या परवानग्या अशा लिनक्सवर एकेक करून सोडवाव्या लागणाऱ्या गोष्टी इथे आपोआप जागेवर येतात.

तोटा असा की डबा डिस्कवर लिहितो. सुरू होताना सिस्टिम पार्टिशन बदलतो, फाइल सिस्टिम (डिस्कवर कुठली फाइल कुठे याची मांडणी) तपासतो, आणि एखादी डिस्क त्याला संशयास्पद वाटली तर रिबिल्डसुद्धा (एका डिस्कचा डेटा बाकीच्यांवरून पुन्हा बनवणं) सुचवतो. आजारी डिस्क असलेल्या संचावर रिबिल्ड म्हणजे आगीतून फुफाट्यात: उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो, आणि कुठे कच्चा सेक्टर असेल तर तो नेमका तेव्हाच सापडतो. म्हणून स्मार्टचे आकडे खराब असतील तर हा पर्याय बाद. आणि पहिल्या स्क्रीनवर "मायग्रेट" आणि "नवीन इन्स्टॉल" असे दोन पर्याय आले तर सावकाश वाचा; दुसऱ्यात डेटा पुसला जाऊ शकतो.

लिनक्सचा पीसी

लिनक्स फुकट आहे म्हणून नव्हे, तर बहुतेक डब्यांच्या आत तेच चालतं म्हणून ते इथे उपयोगी पडतं. मोठं नाव दिलेली "हायब्रिड रेड" उघडली तर आत एमडीएडीएम या लिनक्स अवजाराचा सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्कचा मिळून एक संच), त्यावर एलव्हीएम (जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारा थर) आणि त्यावर ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम असते. सिनॉलॉजीची एसएचआर म्हणजे हेच थर. डिस्कवर काही जीबीची दोन छोटी पार्टिशनं दिसली तर घाबरू नका, ती सिस्टिम आणि स्वॅपची. डेटा मोठ्या पार्टिशनवर असतो.

लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) कोणती? माझं मत सिस्टिमरेस्क्यूच्या बाजूने आहे. एमडीएडीएम, एलव्हीएम, डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क सगळं तयार असतं आणि ती डिस्क परस्पर माउंट करत नाही, म्हणजे आपणहून वापरासाठी उघडत नाही. उबंटूवर एमडीएडीएम टाकावं लागतं, आणि डेस्कटॉप मदत करायच्या उत्साहात व्हॉल्यूम आपणच उघडायला जातो. सिनॉलॉजीच्या मदत पानावर मात्र उबंटूचीच कृती आहे. तिथल्या असेंबल (रेड जुळवण्याच्या) आदेशात फोर्स (जबरदस्तीने जुळव) आणि रन (डिस्क कमी असली तरी सुरू कर) हे दोन्ही पर्याय गुंफलेले असतात. स्वच्छ डिस्कवर ते चालून जातं. शंका असलेल्या डिस्कवर मी तो आदेश तसाच डकवणार नाही. आधी फोर्सशिवाय, रीड-ओन्ली असेंबल करून पाहीन.

"रीड-ओन्ली माउंट केलंय, मग काय होणार?" या भरवशावर फार जण राहतात. ईएक्सटी४ रीड-ओन्ली माउंट केली तरी अर्धवट राहिलेला जर्नल (बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरवू शकते. तिला नोलोड आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला नोरिकव्हरी हा पर्याय द्यावा लागतो. त्याआधी ब्लॉकडेव्ह आदेशाने डिस्कच रीड-ओन्ली करून ठेवली की चुकून हात गेला तरी नुकसान होत नाही.

कुठला डबा लिनक्सवर उघडतो, यात मोठा फरक आहे. सिनॉलॉजी बहुतेक उघडतो. त्याच्या बीटीआरएफएस व्हॉल्यूमवर कधी कधी नव्या कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) कडक तपासणी अडते, कारण कंपनीने वापरलेले स्वतःचे फ्लॅग त्याला अवैध वाटतात. तेव्हा जुन्या कर्नलची लाइव्ह प्रत वापरायची. नेटगिअरच्या रेडीनॅस ६ मध्ये एमडीएडीएमवर बीटीआरएफएस, तोही सहसा सरळ. डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्हमध्ये ईएक्सटी४ असूनही साध्या पीसीवर बहुतेकदा माउंट फसतं: तिथे फाइल सिस्टिमचा ब्लॉक ६४ केबीचा आणि पीसीच्या कर्नलचं पेज (मेमरीचा तुकडा) ४ केबीचं, आणि पेजपेक्षा मोठा ब्लॉक बहुतेक कर्नल घेत नाहीत. माउंट नाकारलं म्हणून डेटा गेला असं समजून लोक डिस्क पुसून टाकतात, आणि फ्यूज-ईएक्सटी२ किंवा डीबगएफएसने त्याच फाइल निघतात.

क्यूनॅपशी मात्र झटापट होते. त्यांनी एलव्हीएममध्ये स्वतःचे बदल केले आहेत. व्हॉल्यूम थिन किंवा थिक पूलमध्ये (लागेल तशी दिलेली किंवा आधीच राखून ठेवलेली जागा) असेल तर साधं एलव्हीएम "टिअर-थिन-पूल" हा प्रकार ओळखत नाही म्हणून थांबतं. रेड जुळतो, पुढचा थर अडतो. क्यूनॅपच्याच क्यूयूटीएस हीरो सिस्टिममधला झेडएफएसही (आणखी एक फाइल सिस्टिम) कंपनीने बदललेला आहे, साध्या ओपनझेडएफएसवर भिस्त ठेवू नका. ड्रोबो या कंपनीच्या डब्यांची बियाँडरेड रचना तर पूर्णपणे त्यांचीच होती. तिथे एमडीएडीएमचा काही संबंधच नाही. क्यूनॅप आणि ड्रोबोवाल्यांनी लिनक्सवर दिवस घालवण्यापेक्षा पुढच्या पर्यायांकडे वळावं.

डिस्कच जात असेल तर

इथे लिनक्सचं खरं काम आहे, आणि त्यात माउंट करणं सर्वांत शेवटी येतं. पहिलं काम प्रत काढण्याचं: ग्नू डीडीरेस्क्यूने प्रत्येक आजारी डिस्कची तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर हुबेहूब प्रत. डेबियन आणि उबंटूत हे पॅकेज जीडीडीरेस्क्यू नावाने मिळतं. डीडी_रेस्क्यू हा निराळा प्रोग्राम आहे, गल्लत करू नका. साध्या डीडी या कॉपी-आदेशापेक्षा हा चांगला, कारण तो आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतो, अडखळणारी जागा सोडून पुढे जातो आणि नंतर परत येतो. कुठपर्यंत वाचलं हे मॅपफाइलमध्ये नोंदलं जातं, त्यामुळे मध्येच डिस्क गरम झाली, वीज गेली तरी तिथूनच पुढे. ही मॅपफाइल दिली नाही तर डीडीरेस्क्यूचा अर्धा फायदा गेला. पहिल्या फेरीत खरवडणं (खराब जागा सेक्टर-सेक्टर करून वाचणं) बंद ठेवायचं, दुसऱ्या फेरीत थेट वाचन आणि दोन-तीन पुनर्प्रयत्न. सेकंदाला १५० एमबीच्या सरासरीने ४ टीबीची निरोगी डिस्क साधारण साडेसात तासांत उतरते. आजारी डिस्क कितीही वेळ घेऊ शकते.

आता रेड ५ चं उदाहरण जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त डेटा इथेच वाचवता येतो आणि इथेच घालवला जातो. चार डिस्क आहेत. तिसऱ्या खणातली डिस्क कधीतरी बाहेर पडली, डबा डिग्रेडेड (एक डिस्क कमी) अवस्थेत चालत राहिला आणि इशाऱ्याचा ईमेल कोणी उघडला नाही. मग पहिल्या खणातली वाचताना अडखळली, डब्याने तिलाही बाद केलं आणि स्क्रीनवर "व्हॉल्यूम क्रॅश्ड". रेड ५ एका डिस्कचं जाणं सोसतो, इथे दोन गेल्या. म्हणजे संपलं, असं वाटतं. पण या दोन डिस्क सारख्या बाद नाहीत. एमडीएडीएमचा एक्झॅमिन आदेश प्रत्येक डिस्कवर चालवा आणि इव्हेंट्सची ओळ बघा (रेडमध्ये बदल होत जातात तसा हा आकडा वाढतो). समजा दुसऱ्या आणि चौथ्या डिस्कवर ४८२१० आहे, पहिलीवर ४८२०५ आणि तिसरीवर ३१०७७. पहिली जेमतेम पाच पावलं मागे आहे. तिसरी केव्हाचीच शिळी झालीय.

तेव्हा पहिलीची डीडीरेस्क्यूने काढलेली प्रत, दुसरी आणि चौथी अशा तिघींना फोर्सने जुळवायचं. मूळ पहिली डिस्क जोडलेलीच ठेवायची नाही. तिसरी बाजूला, पण फेकायची नाही. शिळी डिस्क चुकून आत घेतली तर रेड जुळल्यासारखा दिसेल, फोल्डरही दिसतील, पण मधल्या काळात बदललेल्या फाइल उघडल्यावर कचरा निघेल.

हे सगळं ओव्हरलेवर करावं. डीएमसेटअपच्या स्नॅपशॉटने प्रत्येक डिस्कवर असा थर चढवता येतो की वाचन खालच्या डिस्कवरून होतं आणि लिहिलेलं सगळं वेगळ्या फाइलमध्ये जातं. जुळणी फसली? थर काढून टाका, डिस्क होती तशीच. शिकायला किचकट आहे, पण फोर्स, एफएसचेक, एक्सएफएस-रिपेअर असल्या लिहिणाऱ्या अवजारांना ओव्हरलेशिवाय हात लावू नये.

एक सल्ला जागोजागी मिळतो: "क्रिएट आदेशाने रेड पुन्हा बनवा, अझ्युम-क्लीन लावा, काही होत नाही." होतं. क्रिएट जुने सुपरब्लॉक (डिस्कवरची रेडची नोंद) पुसून नवे लिहितो, आणि एमडीएडीएमच्या आवृत्तीप्रमाणे डेटा कुठून सुरू होतो ती जागाही बदलू शकते. मग डिस्कचा क्रम, चंकचा (एका डिस्कवर सलग जाणाऱ्या तुकड्याचा) आकार, सुरुवातीची जागा सगळं अंदाजाने शोधत बसावं लागतं. असेंबल सर्व प्रकारे फसला आणि एक्झॅमिनचं आउटपुट आधी जपून ठेवलेलं असेल, तरच, आणि तेही ओव्हरलेवर.

विकतचं सॉफ्टवेअर की फुकटचं?

यूएफएस एक्सप्लोरर, आर-स्टुडिओ, रिक्लेमी ही नावं ऐकली असतील. डीडीरेस्क्यूच्या प्रतीला ही पर्याय नाहीत. आजारी डिस्कची प्रत आधी, मग हे. यांचा उपयोग रेडची नोंद पुसली गेली असेल, डिस्कचा क्रम माहीत नसेल किंवा मधला थर क्यूनॅपसारखा वेगळा असेल तेव्हा होतो. चाचणी आवृत्तीत फाइल दिसतात का ते आधी तपासा, पैसे त्यानंतर द्या. यातल्या पहिल्या दोघांच्या लिनक्स आवृत्त्याही आहेत. निरोगी डिस्क आणि सरळ एमडीएडीएम-ईएक्सटी४ असेल तर मात्र जे फुकट उघडतं त्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

फोटोरेक अगदी शेवटी. ते फाइल सिस्टिमकडे न पाहता फाइलच्या खुणांवरून तुकडे उचलतं, त्यामुळे फोटो मिळतात पण नावं आणि फोल्डर जातात, मोठ्या तुटक फाइल अर्ध्या निघतात. जून २०२१ मध्ये माय बुक लाइव्हच्या अनेक मालकांचे डबे दूरवरून फॅक्टरी रीसेट झाले होते. अशा पुसल्या गेलेल्या डिस्कवर मात्र हाच प्रकार उपयोगी पडतो.

एनक्रिप्शन असेल तर वरचं सगळं तुमच्याकडे किल्ली किंवा पासवर्ड असण्यावर अवलंबून आहे. लिनक्स लक्स (लिनक्सची डिस्क-एनक्रिप्शन पद्धत) उघडतो, सिनॉलॉजीचे जुन्या पद्धतीचे एनक्रिप्टेड फोल्डर ईक्रिप्टएफएसने उघडतात. किल्ली नसेल तर लॅबही काही करू शकत नाही.

लॅब

डिस्क टक-टक करते, फिरतच नाही, पीसीला दिसत नाही, किंवा दिसते पण क्षमता शून्य: या चारही ठिकाणी सॉफ्टवेअर थांबवा. सर्किट बोर्ड सारख्या मॉडेलचा आणून बदलायची कल्पना आकर्षक वाटते, पण त्या बोर्डवरच्या रॉममध्ये त्याच डिस्कची जुळवणी साठवलेली असते, ती न हलवता बोर्ड बदलून भागत नाही. फ्रीजरचा नुस्खाही विसरा, आत बाष्प धरतं.

आणि लॅबमध्ये द्यायच्या ठरल्या तर सगळ्या डिस्क द्या, केव्हाच बाहेर पडलेली शिळी डिस्कसुद्धा. सोबत खणांचा क्रम, डब्याचं मॉडेल, रेडचा प्रकार, आणि डीडीरेस्क्यू चालवला असेल तर अर्धवट प्रत आणि तिची मॅपफाइल. कुठला भाग आधीच वाचून झालाय हे त्यांना तिथून कळतं, आणि आजारी डिस्कला तोच भाग पुन्हा वाचायला लावावं लागत नाही.