ओळीने तीन घोडे लागले, मग फी मागितली

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर रेस असते त्या दुपारी अनोळखी नंबरावरून मेसेज येतो: ‘सर, रेस नं. 3, घोडा नं. 5. पैसे लावू नका, नुसतं बघा.’ पाच नंबरचा घोडा जिंकतो. पुढच्या रेसच्या दिवशी दुसरा नंबर येतो, तोही लागतो. मग तिसरा. चौथ्या मेसेजमध्ये घोडा नसतो, क्यूआर कोड असतो. सीझनची मेंबरशिप 15,000 रुपये, ‘तबेल्यातली आतली बातमी’. तीन घोडे डोळ्यांदेखत जिंकलेले पाहिल्यावर भला शहाणा माणूसही पैसे पाठवतो. चौथा घोडा पडतो, पाचवा पडतो, आणि विचारायला गेलं की नंबर ब्लॉक झालेला असतो.

हे जमवायला तबेल्याची बातमी लागत नाही, मोबाइल नंबरांची यादी पुरते. समजा 2,400 नंबर आहेत आणि पहिल्या रेसमध्ये 8 घोडे पळणार आहेत. प्रत्येक घोडा 300 जणांना पाठवायचा. जिंकलेला घोडा ज्यांना गेला ते 300 ठेवायचे, बाकीच्यांना विसरायचं. दुसऱ्या रेसमध्ये 6 घोडे, म्हणजे उरले 50. तिसरीत 5, उरले 10. या दहा जणांना तीनपैकी तीन बरोबर आलेले दिसतात, उरलेल्या 2,390 जणांना गेलेले चुकीचे मेसेज त्यांना कधीच दिसत नाहीत. दहांनी फी भरली की दीड लाख जमा. रेसकोर्सवर रेंगाळणारे टाऊट हाच प्रकार तोंडी करतात. सहा जणांना सहा वेगळे घोडे कानात सांगायचे, ‘माझे पाचशे त्यात धरा’ म्हणायचं आणि रेस संपल्यावर जिंकणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. स्वतःचा एक रुपया लागत नाही.

टेलिग्रामच्या चॅनेलवर तर याहून सोपं आहे. पडलेल्या घोड्यांच्या पोस्ट नंतर पुसून टाकता येतात, मागे फक्त जिंकलेले उरतात. मेसेजची वेळ आणि रेस सुटल्याची खरी वेळ ताडून बघा, ‘एडिटेड’ असा शिक्का आहे का तेही बघा. तिकिटाच्या फोटोवरही जाऊ नका. आठही घोड्यांवर 500-500ची तिकिटं काढली तर 4,000 रुपयांत जिंकलेलं तिकीट हमखास हातात येतं, आणि फोटो त्याचाच टाकला जातो. ‘जॉकीने स्वतः सांगितलं’ असं म्हणणारा तर हटकून खोटा समजावा. रेसिंगच्या नियमांनुसार जॉकीला बेटिंग करायची बंदी आहे, आणि लायसन्स पणाला लावून तो अनोळखी माणसाला व्हॉट्सअॅपवर घोडा कशाला सांगेल?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी टीप विकणारा कधीच बोलत नाही: भाव. समजा त्याचे दहापैकी सहा घोडे खरंच लागले. ऐकायला झकास वाटतं. पण ते सगळे फेव्हरिट, म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागतात असे असतील आणि भाव 60/100 असेल (100 लावले तर 60 नफा), तर प्रत्येकी 100 लावून 1,000 जातात आणि सहा वेळा 160 मिळून 960 परत येतात. त्यावर जीएसटी आहेच. आधी तो बेटच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025पासून 40 टक्के झाला. म्हणजे या हजारावर आणखी 400. दहापैकी सहा बरोबर येऊनही 440 रुपयांचा खड्डा. 2/1 भावाच्या घोड्याचं बघा, म्हणजे 100 लावले तर 200 नफा, मुद्दलासकट 300. कर नसता तर तो साधारण 33 टक्के वेळा जिंकला असता तरी पैसे वसूल झाले असते. आता 300 परत मिळवायला 140 मोजावे लागतात, त्यामुळे तो जवळपास 47 टक्के वेळा जिंकायला हवा. असा घोडा बुकी 2/1ला सोडत नाही. ‘घरबसल्या महिन्याला पक्की कमाई’ हा शब्द वापरणाऱ्याला हे गणित विचारा. तो विषय बदलेल.

घोडे अभ्यासायची हौस असेल तर तिला पैसे लागत नाहीत. पहिले दोन महिने वही आणि रेसबुक, बस. दिवसाला एकच रेस घ्या, 1200 किंवा 1400 मीटरची, क्लास फोरची, सात ते नऊ घोड्यांची. त्या क्लासमध्ये साधारण 20 ते 46 रेटिंगचे घोडे येतात. रेटिंग म्हणजे घोड्याच्या ताकदीचा अंक, तो जितका जास्त तितकं जास्त वजन घोड्याला वाहावं लागतं. रेटिंगच्या एका अंकामागे अर्धा किलो वजन धरतात, म्हणजे 46च्या घोड्यावर 60 किलो असतील तर 30च्या घोड्यावर 52. हे वजन समजलं की टिपांमधली निम्मी हवा निघून जाते. ‘मागच्या वेळी सहा लेंथने (सहा घोड्यांच्या लांबीने) जिंकलाय’ असं सांगतात, पण जिंकल्यामुळे त्याचं रेटिंग वाढलं, तो वरच्या क्लासमध्ये गेला आणि आज त्याच्यापुढे आधीपेक्षा ताकदीचे घोडे आहेत, हे सांगत नाहीत.

प्रत्येक घोड्यापुढे लिहायचं ते असं: आजचं रेटिंग आणि शेवटचा जिंकला तेव्हाचं रेटिंग, वजन, या अंतरावर पूर्वी काय केलं, ड्रॉ (सुटायच्या गेटमधली जागा), जॉकी तोच आहे की बदलला, मागची रेस किती दिवसांपूर्वी झाली. सकाळच्या सरावाची टाइमिंग छापून येतात, ‘600/39’ म्हणजे 600 मीटर 39 सेकंदांत. पण घोडा मोकळा सुटला होता की रेटून पळवला होता, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. पुण्याच्या पावसाळी सीझनमध्ये पेनेट्रोमीटरचं, म्हणजे ट्रॅक किती मऊ आहे ते मोजणाऱ्या उपकरणाचं, रीडिंगही टिपा. कोरड्या ट्रॅकवर उडणारे काही घोडे मऊ मातीत रुततात.

मग भाव उघडण्याआधी प्रत्येक घोड्याला जिंकण्याची टक्केवारी द्या. बेरीज बरोबर 100 यायला हवी. याच टप्प्यावर बरेच जण कंटाळून सोडून देतात, पण खरं शिक्षण इथेच होतं. नंतर बुकींचे भाव टक्क्यांत मांडा: 6/4 म्हणजे 40 (6 आणि 4 मिळून 10, त्यातले 4), 3/1 म्हणजे 25, 4/1 म्हणजे 20, मग 6/1चे 14.3, 8/1चे 11.1, 10/1चे 9.1, 20/1चे 4.8 आणि 33/1चे 2.9. या आठांची बेरीज 127.2 येते. शंभरावरचे 27 बुकीचे. पन्नासएक रेस झाल्या की वही उलटून बघा, तुम्ही ज्यांना 30 टक्के दिले होते ते दहात तीनदा जिंकले का? इतकी वही भरलेल्या माणसाला एक वाजताचा मेसेज गळाला लावू शकत नाही, कारण तो पहिल्यांदा विचारतो: का, आणि कोणत्या भावाला?

कर वाचवायचा म्हणून पुष्कळ जण डब्ब्याकडे, म्हणजे चोरून बेट घेणाऱ्या बुकीकडे, किंवा एखाद्या अॅपकडे वळतात, आणि तिथे दुसरा सापळा असतो. सुरुवातीला 2,000 टाकले की 3,500 झालेले दिसतात, हजार-पाचशे काढूही देतात. रक्कम लाखाच्या घरात गेली की ‘आधी 30 टक्के टीडीएस भरा, मग पैसे सुटतील’. ही ओळ दिसली की पुढे एक पैसाही पाठवू नका. टीडीएस जिंकलेल्या रकमेतूनच कापतात, 10,000च्या वर 30 टक्के. तो खेळणाऱ्याकडून आगाऊ कधीच घेत नाहीत. रेसकोर्सवर टोटचं (क्लबच्या अधिकृत बेटिंग खिडकीचं) तिकीट हातात असतं. डब्ब्यावर मात्र ना तिकीट, ना दाद मागायची सोय, आणि धंदाच बेकायदेशीर.

पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील आणि सगळं चॅट जपून ठेवा. रागाच्या भरात ग्रुप सोडू नका, आधी स्क्रीनशॉट काढा. आणि आठवड्याभराने ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर ती माणसं बहुतेक त्याच यादीतून तुमचा नंबर उचलून बोलत असतात.